दारूचे दुखणे आणि आपले गाव

 

आज एका जुन्या दुखण्याची गोष्ट सांगायची आहे. पटकीची साथ आली म्हणजे गावात दवंडी पिटत, प्लेग आला म्हणजे गाव उठून माळावर झोपड्या घालून राही. पण हे दुखणे असे होते की ते घरोघर असूनही त्याला कुणी दुखणे म्हणतच नव्हते. मी दारूच्या दुखण्याबद्दल बोलतो आहे.

गोष्ट सुरू करू या अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावापासून. तिथे झिंगराजी नावाचा एक परीट गृहस्थ राहत होता. खाऊनपिऊन बरे घर, शेतीवाडी, पदरी एक मुलगा. जातीच्या रिवाजाप्रमाणे देवाला बकरे पडे आणि त्याबरोबर दारू येई. पंक्तीला बसलेल्या पाहुण्याने नको म्हटले तर यजमानाचा अपमान होई. आधी पाहुण्यांसाठी, मग पाहुण्यांबरोबर आणि शेवटी पाहुणे नसतानाही. झिंगराजीचे असेच झाले. शेत गेले, अंग गेले आणि ऐन उमेदीत माणूस गेला. त्याच्या बायकोने, सखुबाईने, लहानग्या पोराला घेऊन दापुऱ्याला माहेर गाठले. चरित्रकार सांगतात की झिंगराजीने शेवटच्या दुखण्यात बायकोला एकच बजावले होते, की पोराला यापासून लांब ठेव.

तो पोर म्हणजे देबू. 1876 साली जन्मलेला हा देबू पुढे गाडगेबाबा झाला. हातात खराटा घेऊन गाव झाडणारे आणि रात्री कीर्तनात त्याच गावाला प्रश्न विचारणारे बाबा आपल्यापैकी वडीलधाऱ्यांनी कदाचित लहानपणी पाहिलेही असतील. ते 1956 साली गेले. संसारात असतानाच देबूने मुलीच्या बारशाला जातीच्या पंगतीत मटण आणि दारू द्यायचे नाकारले आणि गोडाचे जेवण वाढले. भाऊबंद चिडले, पण तो हलला नाही. आपल्याला ही एका संताच्या बाणेदारपणाची गोष्ट वाटते. ती तशी आहेच. पण ती एका आजाऱ्याच्या मुलाचीही गोष्ट आहे, हे आपण विसरतो.

झिंगराजीला काय झाले होते? त्या काळच्या गावाला विचारले असते तर कुणी म्हणाले असते, देवाचा कोप. कुणी म्हणाले असते, कर्माची फळे. दारूने माणूस एका दिवसात मरत नाही, म्हणून तर घोटाळा होतो. आधी भूक जाते. मग डोळे पिवळे होतात, त्याला कावीळ म्हणत. पाय सुजतात, हातापायांना मुंग्या येतात. हातपाय काडीसारखे होतात आणि पोट मात्र घागरीसारखे फुगते, त्याला जलोदर म्हणत, म्हणजे पोटात पाणी झाले. कधी रक्ताची उलटी होते आणि माणूस तासाभरात जातो, तेव्हा हमखास करणी ठरे. आज आपल्याला ठाऊक आहे की ही सगळी एकाच रोगाची रूपे असू शकतात. वर्षानुवर्षे दारू पीत राहिले की यकृत, ज्याला आपण काळीज म्हणतो, ते कडक होत जाते. त्यातून रक्त सरळ वाहत नाही, म्हणून पोटात पाणी साठते आणि अन्ननलिकेतल्या शिरा फुगून फुटतात. पिणारा जेवत नाही, म्हणून अंगातली जीवनसत्त्वे संपतात आणि मज्जातंतू दुखावतात. पण प्रत्येक लक्षणाला गावाने वेगळे नाव दिले आणि वेगळा अंगारा लावला. सगळ्यांचे मूळ एक आहे, हे कुणी जुळवून पाहिलेच नाही.

आता दुसरा प्रश्न. गावात दारू आधीपासून होतीच ना? होती. ठाणे, कुलाबा, नाशिक, खानदेश या डोंगरपट्ट्यात मोहाचे झाड म्हणजे आदिवासींचे अन्नदाते. मोहाची फुले वाळवून खात, आणि सणासुदीला, लग्नाला, मयताला त्याची दारू गाळत. किनाऱ्याला ताडी-माडी, देशावर शिंदी. पण घरी गाळलेली दारू मोहाच्या हंगामापुरती आणि सणापुरती पुरे. रोज पिण्याइतकी ती नसेच.

1878 साली मुंबई इलाख्यात आबकारी कायदा आला. घरी दारू गाळणे गुन्हा ठरला. दारू मोठ्या भट्ट्यांत तयार व्हायची, मक्तेदाराने ती विकायची आणि सरकारने त्यावर कर घ्यायचा, अशी व्यवस्था बसली. ताडाच्या झाडावरही कर आला. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत तर 1892 साली मोहाची फुले बाळगण्यावरसुद्धा कायद्याने बंधन घातले. म्हणजे दारातल्या झाडाची फुले वेचली तरी शिपाई दारात उभा! याचा परिणाम काय झाला? दारू थांबली नाही. ती सणातून उठून दुकानात गेली. सण वर्षातून चार वेळा येतो, दुकान रोज उघडे असते. सण उधारी देत नाही, दुकान देते. मजुरीचा पैसा दुपारी हातात आणि संध्याकाळी गुत्त्यात, ही वहिवाट अशी पडली. सरकारलाही ती सोयीची होती, कारण पुढे मुंबई इलाख्याच्या उत्पन्नाचा जवळजवळ पाव हिस्सा आबकारीतून येऊ लागला. 1880 साली महात्मा फुले पुणे नगरपालिकेचे सभासद होते. शहरात दारूची दुकाने वाढत आहेत आणि त्यामुळे लोकांची घरे बुडत आहेत, अशी तक्रार त्यांनी तेव्हाच नगरपालिकेच्या अध्यक्षांना लेखी कळवली होती.

लोक स्वस्थ बसले होते असे मात्र समजू नका. 1922 साली पालघरच्या किनाऱ्यावरील कोळी वस्तीत देवीचा संचार होऊ लागला. ती देवी अंगात येऊन सांगे, दारू-ताडी सोडा, मांस-मासळी सोडा, रोज आंघोळ करा, घरे स्वच्छ ठेवा. ही हाक जव्हार, सुरगाणा, डांग असे डोंगर ओलांडत थेट सुरत जिल्ह्यापर्यंत गेली. हजारो आदिवासींनी दारू टाकली आणि दारूविक्रेत्या जमीनदारांवर बहिष्कार घातला. 1937-38 साली तळोदे तालुक्यात गुलाम महाराजांनी दर सोमवारी आरती सुरू केली. तिथेही पहिली शपथ दारू सोडण्याची. लहानथोर सगळ्यांनी एकमेकांना ‘आप’ म्हणायचे, म्हणजे मान द्यायचा. ज्याला सगळे ‘अरे-तुरे’ करतात त्याला मान मिळाला की त्याच्याने गुत्त्याची पायरी चढवत नाही, हे त्या माणसाने बरोबर ओळखले होते. विदर्भात तुकडोजी महाराजांची खंजिरी वाजू लागली. 1930 च्या सत्याग्रहात बायकांनी दारूच्या दुकानांपुढे निरोधने केली. या सगळ्यांमागे विद्वत्ता कमी आणि सोसणे फार होते.

तरी यात एक उणीव राहिली. गावाने एकदिलाने शपथ घेतली की दारू सुटे, पण काही जणांची सुटतच नसे. महिनाभराने ते पुन्हा गुत्त्यात दिसत. मग त्यांना शपथमोडे म्हणत, पंगतीतून उठवत, देवीचा कोप होईल म्हणून त्यांच्यापासून लांब राहत. ज्याचा रोग सर्वांत जुना, तोच वाळीत! पुण्या-मुंबईच्या रंगभूमीवरही वेगळे नव्हते. गडकऱ्यांचे ‘एकच प्याला’ 1919 साली रंगभूमीवर आले. त्यातला सुधाकर पाहून प्रेक्षक ढसाढसा रडले, पण घरी जाताना त्यांच्या मनात ठसला तो सुधाकराच्या स्वभावातला दोष. रोगाचा विचार कोण करतो!

मग स्वराज्य आले, आणि त्याआधीच दारूबंदीही आली होती. बाळासाहेब खेरांच्या मंत्रिमंडळाने 1938 साली अहमदाबादेत आणि 1 ऑगस्ट 1939 रोजी मुंबईत दारूबंदी केली. आबकारी आणि आरोग्य ही दोन्ही खाती डॉक्टर गिल्डरांकडे होती. हृदयरोगाचा तज्ज्ञ दारूखात्याचा मंत्री, हा योग मोठा बोलका होता. त्याच साली मंत्रिमंडळाने राजीनामा दिला आणि मोहीम ढेपाळली. पुढे मुंबई राज्याचा दारूबंदी कायदा 1949 साली झाला आणि 6 एप्रिल 1950 पासून राज्यभर संपूर्ण दारूबंदी सुरू झाली. त्याच वर्षी अमलात आलेल्या राज्यघटनेच्या 47 व्या कलमानेही सांगितले की औषधाखेरीज मादक पेये बंद करण्याचा प्रयत्न राज्याने करावा. ते कलम सार्वजनिक आरोग्याचे आणि पोषणाचे कलम आहे, हे लक्षात ठेवा. घटनाकारांनी दारू आरोग्याच्या खात्यात घातली होती. अंमलबजावणी मात्र गेली फौजदाराकडे.

दारूबंदीने काहीच साधले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. गावातला उघड गुत्ता गेला. पगाराच्या दिवशी दुकान वाट अडवून बसलेले नसे, त्यामुळे पुष्कळ घरांत धान्य आले. जो कधीमधी पिणारा होता, तो सुटला. पण आपल्या गोष्टीतला माणूस कधीमधी पिणारा नाही. त्याचे काय झाले, ते पाहू या.

वीस वर्षे रोज पिणाऱ्याची दारू एका रात्रीत बंद झाली की त्याचे हात थरथरू लागतात, घाम सुटतो, झोप उडते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी काहींना फिट येते. काहींना भिंतीवर किडे, साप दिसू लागतात, नसलेली माणसे हाका मारतात. हे शरीराचे काम आहे. मेंदूला दारूची सवय लागलेली असते आणि ती अचानक काढून घेतली की तो असा उसळतो. यात माणूस दगावूही शकतो. डॉक्टरी देखरेखीखाली औषधे देऊन हे चार-आठ दिवस पार पाडता येतात. पण 1950 साली खेड्यातल्या बाईने नवऱ्याला अंगणात साप साप म्हणून ओरडताना पाहिले, तर ती कुठे जाणार? देवऋषीकडे. देवऋषी म्हणणार, बाहेरची बाधा आहे. आणि शेजारचा हळूच म्हणणार, थोडी मिळते का बघ, दिली की उतरेल. ती दिली की खरोखरच उतरे! म्हणून हातभट्टी गावाला औषधासारखी वाटू लागली.

ती हातभट्टीही कशी? काळा गूळ, कुजलेली फळे, नवसागर, आणि लवकर चढावी म्हणून वाटेल ते. कुणी पॉलिशचे स्पिरिट पिऊ लागले. त्यात मिथिल जातीचे अल्कोहोल असले तर माणूस आंधळा होतो, नाहीतर मरतो. पूर्वी कलालाकडे जाणारा आता ओढ्याकाठच्या भट्टीवर जाऊ लागला, आणि पकडला गेला की तुरुंगात. मराठवाडा 1956 पर्यंत हैदराबाद राज्यात होता, तिथे मुंबईचा कायदा नव्हता. गोवा 1961 पर्यंत पोर्तुगीजांकडे होता. तिकडून चोरट्या वाटेने बाटल्या येत, पण त्या ज्याला परवडत त्याच्यासाठी.

आणि परवडणाऱ्यांसाठी कायद्यातच एक दार होते. प्रकृतीच्या कारणाने दारू आवश्यक आहे असा दाखला मिळाला तर सरकार परवाना देई. शहरातला सुखवस्तू माणूस डॉक्टरचा दाखला आणून कागदोपत्री आजारी ठरे आणि घरी बसून घेई. खेड्यातला माणूस खरोखरीचा आजारी, पोटात पाणी झालेला, पण त्याला ना डॉक्टर ना दाखला. तो ठरे गुन्हेगार. म्हणतात ना, आजार रेड्याला आणि औषध पखालीला, तसे झाले.

खेड्यात तेव्हा दवाखाने तरी किती होते! 2 ऑक्टोबर 1952 रोजी सामूहिक विकास योजना सुरू झाली आणि तिच्याबरोबर गटागटातून प्राथमिक आरोग्य केंद्रे उभी राहू लागली. तोवर तालुक्याचा दवाखाना हाच आधार, तोही बैलगाडीने दिवसभराच्या वाटेवर. केंद्रे आली तरी त्यांच्यापुढे हिवताप, देवी, बाळंतपणे यांचा डोंगर होता. दारूच्या रोग्यासाठी वेगळी खाट नव्हती.

यात आणखी एक जुनाट दुखणे मिसळले, ते म्हणजे क्षय. क्षय हा शहरातल्या चाळींचा रोग, असा समज होता. 1955 ते 1958 च्या देशव्यापी पाहणीत आढळले की खेडीही त्यातून सुटलेली नाहीत. पिणाऱ्याचे अंग खंगलेले, जेवण नाही, गुत्त्याच्या कोंदट खोपटात दहा जणांनी एकमेकांच्या तोंडावर खोकायचे, मग क्षय होणार नाही तर काय? आज वैद्यकाला पक्के ठाऊक आहे की भरपूर पिणाऱ्याला क्षय होण्याचा धोका इतरांहून बराच जास्त असतो. 1959 साली मद्रासच्या डॉक्टरांनी दाखवून दिले की क्षयाच्या रोग्याला इस्पितळात न ठेवता घरी औषधे देऊनही बरे करता येते. गरीब देशाला ही केवढी सुवार्ता! पण ती औषधे तेव्हा वर्षभर किंवा त्याहून अधिक नेमाने घ्यावी लागत. पिणाऱ्याचा नेम टिकत नसे. औषध अर्ध्यावर सुटे, रोग उलटे, आणि घरातल्या पोरांना लागे. पिणारा एक, पण अंथरूण दोघा-तिघांनी धरलेले, अशी घरे होती.

जगात याच सुमारास विचार बदलत होता. जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी 1951 साली प्रसिद्ध झालेल्या अहवालात दारूच्या व्यसनाचा सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून विचार केला. अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या संघटनेने 1956 साली व्यसनाला आजार म्हणून मान्यता दिली. अमेरिकेतच 1935 साली दोन व्यसनी माणसांनी एकमेकांना सावरत ‘अल्कोहोलिक्स अनॉनिमस’ ही चळवळ सुरू केली होती; ती 1957 साली मुंबईत आली. पण खेड्यात हा विचार पोचायला फार वर्षे गेली. मधल्या काळात, 1963 च्या सुमारास महाराष्ट्रात परवान्यांच्या अटी सैल होऊ लागल्या आणि 1973 च्या नियमांनंतर सरकारमान्य देशी दारूची दुकाने पुन्हा उभी राहिली. रोग्याला दवाखाना मिळण्याआधी दुकान परत मिळाले.

1986 साली पुण्यात डॉक्टर अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले. पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांची देणगी त्यामागे होती. गडचिरोलीत गावोगावच्या लोकांनी डॉक्टर अभय आणि राणी बंग यांच्यासह चळवळ केली आणि 1993 साली जिल्ह्यात दारूबंदी झाली. वर्ध्यात ती 1975 पासून आहे. चंद्रपुरात 2015 साली झाली आणि 2021 साली उठली. गावच्या बायका एकत्र येऊन मतदान करून दुकान बंद करवतात, ती ‘आडवी बाटली’ही आपण पाहिली आहे. दुकान बंद करावे की नाही, यावर वाद होत राहतील. मला आज एवढेच म्हणायचे आहे की दुकान बंद केले म्हणजे रोगी बरा झाला असे होत नाही, आणि दुकान उघडे आहे म्हणून रोग्याला सोडून द्यावे असेही नाही. ही दोन कामे वेगळी आहेत. गेल्या शतकात आपण पहिल्या कामासाठी कायदे केले, कीर्तने केली, सत्याग्रह केले. दुसऱ्या कामाकडे मात्र फार उशिरा वळलो.

गुरुजी, बाई, आता दोन शब्द तुमच्यासाठी. वर्गात एखादे पोर सकाळी जांभया देत येते, गृहपाठ करीत नाही, बापाचे नाव घेतले की खाली बघते. त्याच्या घरी रात्री काय झाले असेल, हे तुम्ही ओळखता. ‘तुझा बाप दारुडा’ असे दुसऱ्या पोराने म्हटले तर त्याला थांबवा. त्याचा बाप आजारी आहे, असे वर्गाला सांगा. आणि त्याच्या आईला सांगा की सकाळी हात थरथरत असतील, डोळे पिवळे दिसत असतील, पाय सुजले असतील तर अंगाऱ्याची वाट पाहू नका, आरोग्य केंद्रात न्या. दारू सोडायची असेल तर रोज भरपूर पिणाऱ्याने ती एकट्याने, खोलीला कडी घालून सोडू नये. डॉक्टरांना विचारून सोडावी. पंधरा दिवसांपेक्षा जास्त खोकला असेल तर थुंकी तपासून घ्यावी. आणि एकदा सोडलेली पुन्हा सुरू झाली, तर माणूस शपथमोडा झाला असे न म्हणता रोग उलटला असे म्हणावे आणि पुन्हा घेऊन जावे. हिवताप उलटला तर आपण रोग्याला मारतो का?

झिंगराजीला हे कुणी सांगितले नाही, कारण त्या काळी ते कुणाला ठाऊकच नव्हते. त्याच्या मुलाने उभ्या महाराष्ट्राला शहाणे करण्यात पन्नास वर्षे घालवली. आपल्याला आता ठाऊक आहे. गावातल्या एखाद्या झिंगराजीला उद्या सकाळी कुणी हात धरून दवाखान्यात नेले, तर आजचे हे बोलणे कामी आले असे मी समजेन.